डाव्या हाताची शहजादी

सोनारी गावच्या बायका नसीमबीकडं बांगड्या भरायच्या, पण त्या बांगड्यांसाठी नव्हे. तिच्या पाटीतला माल साधाच असे: हिरव्या, लाल, सणासुदीला थोड्या जांभळ्या. हात मात्र ती भलताच दाबायची. अंगठ्याचं मूळ असं चेपायची की नव्या नवरीच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. ते पाणी नुसत्या दुखण्यावर वाया जाऊ नये म्हणून नसीमबी गोष्ट सांगायची. रडायचंच आहे तर शहजादीसाठी रडा, असं तिचं म्हणणं.

तिचा नवरा नबीलाल हा बांगड्या विकत गावोगाव फिरणारा मन्यार. निजामाचं राज्य गेलं त्या साली तो माल आणायला म्हणून निघाला आणि परत आला नाही. काही दिवसांनी त्याची रिकामी पाटी कुणीतरी दारात ठेवून गेलं. कुठं, कसं, हे कधी कळलं नाही. गावानं नसीमबीला सांभाळून घेतलं, म्हणजे त्या विषयावर तिच्यासमोर बोलायचं नाही, एवढं सगळ्यांनी कसोशीनं पाळलं. तीच पाटी डोक्यावर घेऊन ती दारोदार हिंडू लागली. गोष्ट त्याच सुमाराला सुरू झाली. पुढं हैदराबाद राज्य जाऊन मुंबई राज्य आलं, मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, तरी गोष्ट आपली चालूच होती.

गोष्ट अशी. दिलनवाज नावाची एक शहजादी होती. तिच्या डाव्या हातात अशी करामत, की रागानं ज्याला शिवेल तो दगड. लढाईत तिनं दुश्मनाच्या फौजेतला एक कोवळा स्वार दगड करून टाकला. तो निघाला दुश्मन सरदार फौलादचा धाकटा भाऊ. पुढं शहजादीचं राज्य बुडालं. फौलादनं तिला पकडलं, पण ओळखलं नाही. पाणी भरणारी बांदी समजून किल्ल्यावर ठेवून घेतली. काम काय, तर रोज सकाळी त्या दगडी भावाला आंघोळ घालायची. डाव्या हाताला फडकं गुंडाळून ती पाणी ओतायची आणि आतल्या आत जळायची. फौलाद तिला टाकून बोलायचा, ती त्याला वरचढ उत्तर द्यायची, आणि असं भांडता भांडता दोघांचा जीव एकमेकांवर बसला. आता तिनं सांगायचं की नाही, की तुझ्या भावाला मीच दगड केलं?

"सांगितलं का तिनं?" बायका विचारायच्या.

"आज न्हाय सांगितलं," म्हणत नसीमबी दुसरा हात ओढून घ्यायची.

किल्ला कुठला हे तिनं कधी सांगितलं नाही. पण सगळ्यांनी बाजाराला जाता-येता परंड्याचा किल्ला पाहिलेला, त्यामुळं ती आंघोळ कोणत्या बुरुजाच्या आड चालते याबद्दल बायकांत वाद व्हायचे.

गोष्टीची गोडी सगळ्यांत जास्त लागली ती सारजाबाईंना. देवळाकडच्या गल्लीत त्यांचं मोठं शेतकऱ्याचं घर. त्यांच्याच ओसरीवर बायका जमायच्या. सारजाबाईंची आणि त्यांच्या जावेची मधल्या भिंतीवरून कैक वर्षं बोलाचाल नव्हती. जाऊ आजारी पडली तेव्हाही त्या भिंतीपलीकडं गेल्या नाहीत. पण शहजादीला माफी मिळावी म्हणून त्यांनी भैरवनाथाला नारळ बोलला होता. दुश्मनाला इतक्या दिवसांत विरघळता येत नसेल तर तो कसला मर्द, असं त्या पदरानं डोळे टिपत म्हणायच्या. भिंतीपलीकडून जाऊही कान देऊन ऐकायची आणि तिकडं स्वतंत्र रडायची.

या बायकांना त्या शहजादीत एवढं काय दिसायचं, हे पुरुषांना कळत नसे. मला वाटतं, कारण अगदी सोपं होतं. विचारल्याशिवाय ज्यांना चुलीपुढची राखसुद्धा हलवायची सोय नव्हती, त्यांना हाताच्या एका स्पर्शानं स्वार दगड करणारी बाई आवडायची. आणि ती मागून पस्तावते, जळते, झिजते, म्हणून ती आवडायला काही हरकतही नव्हती. नुसतीच दगड करत सुटली असती तर कुणी ओसरीवर घेतली नसती. शिवाय फौलाद तिच्यावर संतापायचा का होईना, पण तिच्याकडं बघून संतापायचा. बऱ्याच जणींचे नवरे तेवढंही करत नव्हते.

अशा या बस्तान बसलेल्या धंद्यात एका चैतात आयुब आला.

आयुब परंड्याचा मन्यार. बायको वारलेली, स्वभाव तिखट, मिशी कातरलेली. भैरवनाथाच्या जत्रेत त्यानं बरोबर नसीमबीच्या समोर दुकान मांडलं. बार्शीच्या नागप्पा या आपल्या व्यापारी दोस्ताकडून त्यानं सोनेरी रेघांच्या नव्या बांगड्या आणल्या होत्या. "हात न दाबता बांगडी," असं तो ओरडायचा, आणि खरोखरच साबणाचं पाणी लावून अलगद चढवायचा. जत्रेतल्या बायका तिकडं वळल्या. कुणीतरी सवयीनं त्याला विचारलं, गोष्ट न्हाय का काही?

आयुब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आपल्याकडं बांगडी मिळती. गोष्ट पायजे तर समोर जावा. तिथं गोष्टीवर बांगडी फुकट लावून देत्यात."

बायका हसल्या. सारजाबाईसुद्धा हसल्या. नसीमबीनं त्या दिवशी पाटी लवकर आवरली.

दुसऱ्या दिवशी ती सारजाबाईंच्या ओसरीवर गेली आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "मला काय करायचंय आक्का, पण त्या सोनेरी मालाचं म्या ऐकलंय काही. हातात ऱ्हात न्हाय म्हणं. बसल्या जागी वाढतोय."

आमच्याकडं बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. सवाष्णीच्या हातातली बांगडी बसल्या जागी वाढणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नसीमबीनं असं काहीही ऐकलेलं नव्हतं. तिनं ते तिथंच, ओसरीवर बसल्या बसल्या तयार केलं होतं. गोष्टी तयार करायची तिला सवय होतीच.

पुढं जे झालं ते तिच्या हातातलं नव्हतं. त्याच आठवड्यात गल्लीतल्या कडूबाईच्या दोन सोनेरी बांगड्या जात्याच्या खुंट्याला लागून वाढल्या आणि संध्याकाळी तिचा नवरा बैलगाडीवरून पडून पाय मोडून घेऊन आला. तो कुठून येत होता आणि कोणत्या अवस्थेत होता हे गावाला माहीत होतं. पण बांगडीचं कारण जास्त पटण्यासारखं होतं, आणि कडूबाईच्या नवऱ्यालाही तेच सोयीचं वाटलं. रात्र पडायच्या आत गल्लीतल्या सोनेरी बांगड्या हातातून उतरल्या. बाजाराच्या दिवशी बोलणं आसपासच्या गावांत गेलं. आयुब जाईल तिथं बायका हात पदराखाली घ्यायला लागल्या. त्यानं आधी शिव्या दिल्या, मग शपथा घातल्या, शेवटी उरलेला माल बार्शीला नेऊन नागप्पाच्या दुकानात आपटला आणि लहानपणापासूनच्या दोस्ताला भर पेठेत लबाड म्हणाला. दुकान बसलं, दोस्तीही बसली.

नंतर आयुब दिसला तो कंदील आणि स्टो दुरुस्त करताना. बाजाराच्या दिवशी तो सोनारीला यायचा, चिंचेखाली पोतं अंथरायचा आणि बायकांनी आणलेल्या काळ्या ठिक्कर स्टोंना पिना मारत बसायचा. बोटं रॉकेलनं फाटलेली, मिशी वाढलेली. नसीमबीनं त्याला पहिल्यांदा तसं बघितलं आणि त्या दिवशी ती आल्या पावली परत गेली.

त्या दिवसांत गोष्टीतल्या शहजादीचं रडणं फार वाढलं. ती जेवेना, झोपेना, दगडी भावाच्या पायाशी डोकं टेकून बसायला लागली. बायकांना वाटलं, गोष्ट आता खरी रंगात आली. सारजाबाई म्हणाल्या, "नसीम, इतकं चांगलं तू आधी कधी सांगितलं न्हाईस."

एका बाजाराला नसीमबी आपला कंदील घेऊन चिंचेखाली गेली. कंदिलाला काहीच झालेलं नव्हतं, म्हणून घरून निघताना तिनं त्याची वात वर-खाली करायची किल्ली पकडीनं पिळून ठेवली होती. आयुबनं कंदील उलटापालटा केला आणि हा प्रकार कुणी मुद्दाम केल्याशिवाय होत नाही असं सांगितलं. नीट वापरत जावा, बी, असंही वर ऐकवलं. ती म्हणाली, तुमच्याकडं कंदील मिळतो का उपदेश? त्यानं किल्ली सरळ करून दिली. पुढच्या बाजाराला तिनं स्टो आणला. त्यानंतर झारी. झारी काही स्टोच्या दुरुस्तीत येत नाही, पण त्यानं गळक्या जागी डाग देऊन दिली आणि तुमच्या घरात भांडी जगत कशी नाहीत म्हणून आश्चर्य व्यक्त केलं.

असंच एकदा, मान खाली घालून पीन मारता मारता त्यानं विचारलं, "त्या शहजादीचं पुढं काय झालं?"

नसीमबी दचकली. मग कळलं ते असं: ज्या बायका स्टो घेऊन यायच्या त्या बसल्या बसल्या एकमेकींना गोष्ट सांगायच्या, आणि आयुबला ती तुकड्यातुकड्यानं पोचत होती. मधले काही भाग चुकले होते. ते त्यानं विचारून घेतले.

"तो फौलाद येडा हाय," तो शेवटी म्हणाला. "रोज समोर वावरती बाई. हाताला फडकं बांधलेलं. इतकी साधी गोष्ट कळू नये माणसाला?"

 नसीमबीनं स्टो उचलला आणि ती निघाली.

दोघांचं जमतंय हे दोघांच्याही आधी सारजाबाईंच्या ओसरीला कळलं. बायकांना यात नवल वाटलं नाही. इतकी वर्षं ऐकल्यावर दुश्मनी कुठं जाते हे त्यांना पाठ होतं. सारजाबाईंनी स्वतः नसीमबीला बोलावून घेतलं, आणि लोक काय म्हणतील असं ती म्हणताच तिला गप्प केलं.

"दुश्मनाशी लगीन व्हायला नशीब लागतं," त्या म्हणाल्या. "आमचं आधी लगीन झालं, दुश्मनी मागून."

परंड्याच्या काझींनी नबीलालला जाऊन इतकी वर्षं झाली, आता वाट बघण्यात अर्थ नाही असं सांगितलं. निकाह साधाच झाला. सोनारीच्या बायकांनी नसीमबीच्या हातात बांगड्या भरल्या. सगळ्यांनी मिळून भरल्यामुळं तिचाच हात चांगला सुजला. देवळाच्या वाटेवर दोघांनी पत्र्याचं छोटं दुकान टाकलं. पण माल आणायला आयुब सोलापूरला जायचा. बार्शी जवळ असून नागप्पाच्या पेठेत तो पाय ठेवायला तयार नव्हता. बार्शीला काम निघालं तर मागच्या बोळातून जायचा. नागप्पाचं नाव निघालं की जेवता जेवता हात थांबायचा. लहानपणी दोघांनी एकाच तलावात पोहायला शिकून घेतलं होतं, हेही तोच सांगायचा, आणि सांगून झाल्यावर थुंकायचा.

हे नसीमबीला बघवेना. धंदा बुडवला तो आपण परत उभा केला, असं ती मनाला सांगायची. पण दोस्त कुठून आणणार? शेवटी एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, तिनं सांगून टाकलं. घरात दोघं दखनीत बोलत. मी आपल्या भाषेत सांगतो. माल वाढतो हे आपणच उठवलं, ती म्हणाली. नागप्पाचा दोष न्हाय. सगळं सांगून ती खाली मान घालून बसली. गोष्टीत या जागी काय होईल याची तिनं इतक्या वेळा तयारी केली होती: तो तलवार उपसेल, हात थरथरेल, तलवार गळून पडेल.

आयुबनं बांगड्यांची माळ ओवायची थांबवली नाही.

"काय बी बोलू नकोस," तो म्हणाला. "बाईमाणसाच्या एका बोलण्यानं धंदा बसतो व्हय? तीन तालुक्यांत माझा माल चालत होता."

"म्याच बोलले. सारजाआक्काला विचारा."

"तू बोलली असशील. गावात धा बायका धा बोलत्यात. माल खोटा होता म्हणून बसला. नागप्पानं मला बुडवलं." मग तो जरा मऊ झाला. तू लई गोष्टी सांगतीस, त्यानं म्हटलं, तुला आता सगळीकडं शहजादीच दिसती. माझ्या दुःखाचा भार स्वतःवर घ्यायला बघतीस हा तुझा चांगुलपणा.

एवढं बोलून त्यानं तिला चहा करायला सांगितला. नसीमबीनं चहा केला. तिला माफी नको होती असं नाही, पण ती चांगुलपणाबद्दल मिळावी हे तिच्या कल्पनेत नव्हतं. आणि आपली एवढी मोठी लबाडी बाईमाणसाची बडबड म्हणून एक मन्यार झटकून टाकतो, याचा तिला थोडा रागही आला.

तिनं ते ओसरीवर गोष्टीत घालून बघितलं. इतक्या वर्षांनी शहजादीनं एकदाचं फौलादला सांगितलं, की तुझ्या भावाला दगड मी केलं. आणि फौलाद म्हणाला, छे, तुझ्यासारख्या बांदीच्या हातून एवढं कुठलं व्हायला.

 सारजाबाईंनी बांगड्या भरायला दिलेला हात मागं घेतला.

"असं कुठं असतंय का?" त्या म्हणाल्या. "काय तरी नीट सांग."

कडूबाईला तर हा आपला अपमान वाटला. इतकी वर्षं रडलो ते यासाठी का, असं तिनं विचारलं. नसीमबीनं बघितलं की या बायका उठून जातील. तिनं चूक झाली, विसरून गेले, असं म्हणत फौलादच्या हातात तलवार दिली, हात थरथरवला, तलवार पाडली, आणि शहजादीच्या आसवांनी दगडी भाऊ जिवंत केला. सगळ्या मनसोक्त रडल्या. सारजाबाईंनी बोललेला नारळ भैरवनाथाला फोडला आणि प्रसाद जावेच्या घरी तेवढा पाठवला नाही.

पण नागप्पाचं काय, हे राहिलंच होतं. एका सकाळी नसीमबी मावसबहिणीला भेटून येते असं सांगून एसटीनं बार्शीला गेली. नागप्पाची पेढी तिनं विचारत विचारत शोधली. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला जाडजूड माणूस गादीवर बसला होता. आयुबची घरवाली म्हटल्यावर तो उठून उभा राहिला, नोकराला बाहेर पाठवलं आणि तिला पाणी दिलं. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तुमचा माल चांगला होता, त्याला बट्टा म्या लावला, तुमच्या दोस्तानं तुम्हाला विनाकारण लबाड म्हटलं, ते तुमी मनातनं काढून टाका.

 नागप्पानं उपरण्यानं मान पुसली. मग दाराकडं बघून हळूच म्हणाला, "वहिनी, तुमी आलाच हात तर खरं सांगतो. माल हलकाच होता. भट्टीतनं कच्चा निघालेला. खेड्यात कुणाला कळतंय म्हणून दिला म्या."

 नसीमबीनं जे ओसरीवर बसून बनवलं होतं ते खरंच होतं. कडूबाईची बांगडी जात्याच्या खुंट्याला लागून नाही, कच्ची होती म्हणून वाढली असणार. आपण खोटं बोललो की खरं, हे तिला क्षणभर ठरवता येईना. इतकी वर्षं उशाला घेतलेलं पाप कुणीतरी ओढून घेतल्यासारखं झालं, आणि खाली डोकं टेकायला दुसरं काही नव्हतं.

नागप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तोंड दाखवायला जागा न्हाय म्हणून म्या त्याच्याकडं आलो न्हाय, तो सांगत होता. त्याला यातलं काही कळू देऊ नका. तो मला भर पेठेत लबाड म्हणाला ते खरं होतं, म्हणूनच सोसलं न्हाय.

"न्हाय सांगत," नसीमबी म्हणाली.

परतीच्या गाडीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली. घरी आल्यावर आयुबनं विचारलं, बहीण कशी हाय? ती म्हणाली, बरी हाय. मग दोन-चार दिवस जाऊ देऊन तिनं आयुबच्या मागं लकडा लावला, की झालं गेलं विसरा, सोलापूरच्या खेपा मला बघवत न्हाईत, एकदा नागप्पाकडं जाऊन तर या. आयुब कुरकुरत गेला. संध्याकाळी आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. नागप्पानं गळ्यात पडून रडून घेतलं होतं आणि अव्वल प्रतीचा माल, न मागता, पुढं केला होता.

त्यानंतर दुकान चांगलं चाललं. नागप्पा जेवढा घाबरून माल निवडायचा तेवढा कुणीच निवडत नसेल. पुढच्या जत्रेत तो सहकुटुंब भैरवनाथाला आला. देवळापुढच्या माकडांनी बायकोच्या हातातली केळी पळवली, आणि सगळे हसत पत्र्याच्या दुकानात टेकले. आयुबनं चहा मागवला. दोस्ताच्या पाठीवर थाप मारून तो गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, की याला एकदा भर बाजारात धरलं म्हणून हा सुधारला. माणूस तोंडावर बोलणारा पाहिजे. नागप्पानं खाली बघून होकार दिला. नसीमबी एका नव्या नवरीचा डावा हात मांडीवर घेऊन साबणाचं पाणी लावत होती. नवरी विचारत होती, शहजादीची ती गोष्ट पहिल्यापासून सांगाल का?

"सांगते की," नसीमबी म्हणाली. "हात ढिला सोड."